सहा फुटी बेड

लेथ, म्हणजे लोखंड कातायची मशीन, चालली की खाली लोखंडाच्या कुरळ्या तारा पडतात. आज झाडाव्या तर उद्या परत तेवढ्याच. आमच्या शेडवरच्या किश्श्यांचंही तसंच आहे. आलं-गेलं माणूस चहा पितं, एक किस्सा ऐकतं, एक सांगून जातं, आणि ढीग काही कमी होत नाही. म्हणून म्हटलं, चार लिहून तरी ठेवावेत. मी सातवी शिकलेली, तेव्हा शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या.

त्या तारांना आमचे हे 'चिप्स' म्हणतात. लेथवाले सगळेच म्हणतात. पण घरात पोरगी लहान! एकदा ती सासूबाईंना म्हणाली, "आजी, बाबा येवढं चिप्स करत्यात, मला एक पन देत न्हाईत!"

मी आधी तिची मूठ उघडून बघितली. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांना फक्त 'तारा' म्हणायचं, असा माझा कायदा आहे. गिऱ्हाइकांनासुद्धा लागू!

*

घरात लेथ आली तीच मुळात पोरीमुळे.

हे तेव्हा चाकणला एका कंपनीत टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, होते. तिकडंच खोली घेऊन राहायचे, सुट्टीला गावी, बोरीला यायचे. मोटारसायकल दारात लागली की सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, आतून ओरडायच्या, "पावणं आलं गं!" चेष्टेनं म्हणायच्या. पण पोरगी दोन वर्षांची, तिला चेष्टा काय कळणार?

एका रविवारी हे निघताना तिला म्हणाले, "पिंके, बाबाला टाटा कर."

तिनं हात हलवला आणि म्हणाली, "पावणं, परत या हां!"

आत्यांना हसू आवरेना. यांनी गाडीला किक मारली, ती लागली नाही. दुसरी मारलीच नाही. तसेच गाडीवर बसून म्हणाले, "घरीच लेथ टाकायची. दिवाळीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर मशीन इकायची आन् परत कंपनीत."

मला आनंद झाला, पण धास्तीही वाटली. एकाच छपराखाली गरागरा फिरणारं लोखंड आणि दोन वर्षांची पोर! त्यात ते 'मशीन इकायची' डोक्यातून जाईना. हे घरी राहावेत म्हणून मी देवाला हात जोडायचे आणि मशीन नको म्हणूनही त्याच देवाला हात जोडायचे. देव तरी काय करणार?

*

मग यांनी चाकणहून गावातल्या किराणा दुकानात फोन केला. आमच्याकडे फोन नव्हता. दुकानदार निरोप घेऊन आला, "दत्ता म्हणतोय, सहा फुटी बेड बघून ठेवा. जुना चालंल, पन झिजलेला नको."

आत्या म्हणाल्या, "जुना कशाला? पोरगं येवढं राबतंय, चांगला नवा करू!" आणि सुताराला बोलावणं गेलं.

शनिवारी हे घरी आले तर सुतार ओट्यावर टेप घेऊन बसलेला. "दत्ताभाऊ, बेड सागवानी करू का बाभळीचा?"

हे म्हणाले, "बिडाचा!"

सुतारानं टेप खाली ठेवली. "बिडाच्या बेडवं झोपनार कसं, राव?"

आत्यांनी कपाळाला हात लावला. "कंपनीत राहून पोराच्या पाठीचं काय झालं बघा!"

लेथच्या खालचा जो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, लांब सांगाडा असतो, ज्यावर सगळं पुढंमागं सरकतं, त्याला बेड म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. सुतार अजून भेटला की विचारतो, "वहिनी, झोप लागती का?"

*

मशीन बघायला हे, अण्णा मिस्त्री आणि शेजारचे बबनभाऊ भोसरीला निघाले. अण्णा नारायणगावचे. यांना पहिल्यांदा लेथवर उभं केलं ते त्यांनीच. ऐनवेळी आत्याही चपला घालून तयार! म्हणाल्या, "घरात आनायची तर घरचं बाईमानूस नको का बघायला?"

मी तिथं नव्हते, पण हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय की आता मीच तिथं होते असं वाटतं.

जुन्या मशीनींचा दुकानदार लई गोड बोलणारा. मशीनला हिरवागार नवा रंग. चहा आला, बिस्किटं आली. अण्णांनी बिस्किट खाल्लं नाही, सरळ बेडवर चकाजवळ अंगठ्याचं नख फिरवलं. चक म्हणजे काम पकडतो तो जबडा. सगळी झीज तिथंच होते. नख एका जागी अडकलं.

अण्णा यांच्या कानात म्हणाले, "पावडर झ्याक लावलीया. पन गुडघं गेल्यात."

दुकानदार म्हणाला, "अहो, एकाच कंपनीत होती! दुसरा हात लागलेला नाही!"

 आत्यांनी पदर सावरला आणि विचारलं, "येवढी गुनाची व्हती, तर सोडली का वो त्यांनी?"

दुकानदारानं बिस्किटाची बशी उचलून आत नेली!

*

पुढच्या दुकानात एक मशीन यांच्या मनात भरली. बेड चांगला, आवाज चांगला. दुकानदार म्हणाला, "थ्री-फेज मोटर आहे, ताकदीला विचारू नका!"

बबनभाऊ म्हणाले, "मग न्हाई जमायचं."

"का हो?"

"आमच्याकडं थ्री-फेज आन् बिबट्या, दोघं बी रातीचंच येत्यात!"

दुकानदाराला वाटलं, हे भाव पाडायचं काहीतरी नवीन निघालंय. पण बबनभाऊंचं खरंच होतं. आमच्या उसात बिबट्या आणि वायरीत थ्री-फेजची जादा ताकदीची वीज, दोन्ही अंधार पडल्यावर. अण्णांनी तिथंच ठरवून टाकलं की सिंगल-फेजवर चालेल अशीच मशीन घ्यायची, काम थोडं हळू झालं तरी चालेल. आठ फुटी घ्या म्हणणारेही लई भेटले. अण्णा सगळ्यांना एकच सांगायचे, "गावात काम कशाचं येनार? पान्याच्या मोटरीचा शाफ्ट, ट्रॅक्टरची पिन, बुश. त्याला सहा फूट लई झालं. मिरवायला न्हाई घ्यायची."

*

शेवटी मशीन सापडली ती शेजारीच, निमगाव साव्याला! एका म्हाताऱ्या टर्नरच्या घरी. त्यांना सगळे आबा म्हणायचे.

या वेळी मीही गेले, पिंकीला कडेवर घेऊन. मला एकच विचारायचं होतं. आधीही मी ते दोघा लेथवाल्यांना विचारून बघितलं होतं, तर एक जण म्हणाला होता, "वहिनी, मशीन पळवायला घेतात, थांबवायला नव्हं!" सगळे हसले होते. त्यामुळे जीभ उचलेना. पण पिंकीनं नेमका तेव्हाच चकाकडे हात केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, ही थांबती का?"

आबा हसले नाहीत. मशीन चालू केली, मला पुढं बोलावलं. खाली पायाशी एक लांब पट्टी होती. म्हणाले, "पोरीला आजीकडं दे. पदर खोच. आता दाब पायानं. न घाबरता दाब."

मी दाबली. मशीन जागच्या जागी गप्प! मी परत लावायला सांगितली, परत दाबली. तीन-चारदा तरी दाबली असेल. आबा दर वेळी लावून देत होते.

मग यांना म्हणाले, "मशीन तू चालव. पन घेतलीया हिनं."

चहा आला. आत्यांनी आपला ठेवणीतला प्रश्न काढलाच, "येवढी चांगली हाय, तर सोडता का?"

आबांनी बशी उचलली. कप तिच्यात खडखडायला लागला. म्हणाले, "हिला काय झालं न्हाई, आक्का. मला झालंय."

आत्या उठल्या आणि त्यांनी बशी खालून धरली. आबांचा चहा पिऊन होईपर्यंत धरून उभ्या होत्या. आमच्या आत्या कुणाला चांगलं म्हणत नाहीत, पण आजही घरात काही गोडधोड झालं की आधी डबा निमगावला जातो.

*

मशीन आणली बबनभाऊंच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून. लेथ वरून जड असते, कलंडली की संपलं. म्हणून खाली उसाचं पाचट, बाजूनं पोती आणि वर घरातल्या सगळ्या गोधड्या. आत्यांनी माझ्या बाळंतपणातलीसुद्धा दिली. दोन्ही बाजूंना हे आणि अण्णा आधार देऊन बसलेले. ट्रॅक्टर इतका हळू की सायकलवाले पुढं जात होते.

वाटेत एका म्हाताऱ्यानं बघितलं. ट्रॉलीत पाचट, गोधडीत गुंडाळलेलं लांबच्या लांब काहीतरी, दोन माणसं तोंड पाडून धरून बसलेली. त्यानं टोपी काढली आणि हात जोडून रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

अण्णा ट्रॉलीतून ओरडले, "बाबा, टोपी घाला! आजून नांदायचीय!"

*

मशीन शेडमध्ये बसली. आत्यांनी हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि चकाला झेंडूचा हा एवढा हार घातला. आबा आलेले, अण्णा आलेले, सगळे खुशीत. त्या खुशीत आमच्या यांनी बटण दाबलं!

हार एकदाच फिरला. मग शेडभर झेंडू! आबांच्या टोपीवर झेंडू, चहाच्या पातेल्यात झेंडू. मी किंचाळून पायपट्टी दाबली तेव्हा मशीन थांबली. अण्णांनी तोंडातली पाकळी काढली आणि म्हणाले, "चला, अक्षता बी पडल्या!"

त्याच दिवशी मी मशीनभोवती पिवळ्या रंगाची रेघ मारून घेतली. मशीन चालू असताना रेघेच्या आत यांच्याशिवाय कुणी यायचं नाही. पिंकीनं ती रेघ कधी ओलांडली नाही. पाय रेघेला लावून तिथूनच ओरडते, "बाबा, जेवाया चला!" गिऱ्हाइकं मात्र ओलांडायची. एकदा बबनभाऊ आत गेले, तर पिंकीनंच सुनावलं, "मम्मी मारती!"

बबनभाऊ एका उडीत बाहेर!

*

आता शेवटचा. हा शेडवर कुणी सांगत नाही, कारण नेमकं तेव्हा तिथं मी, गवंडी आणि लहानगी पिंकी एवढेच होतो.

मशीन आत घ्यायची म्हणून शेडची पुढची बाजू उघडीच ठेवली होती, ताडपत्री लावून. दिवाळी जवळ आली तसं ती भिंत बांधून घ्यायची ठरलं. काम येत होतं, पण अजून म्हणावं तसं नाही. एखाद्या दिवशी दोन शाफ्ट, एखाद्या दिवशी नुसताच चहा. हे कधीकधी मशीन पुसत उभे राहायचे. मला त्यांचं 'दिवाळीपर्यंत बघू' आठवायचं. 

गवंडी आला त्याच सकाळी किराणा दुकानदार निरोप घेऊन आला. "दत्ताभाऊ, कंपनीतनं फोन व्हता. सोमवारी हजर व्हा म्हनं. या टायमाला पर्मनंट करत्यात."

यांनी हात धुतले. टॉवेलला पुसले. परत पुसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "फोन करून येतो." आणि दुकानाकडे निघाले. सावकाश, खाली बघत.

पिंकी रेघेला पाय लावून उभी होती. मशीन बंद होती तरी.

गवंड्यानं दोरी लावली, विटा ओल्या केल्या, माल कालवला. म्हणाला, "वहिनी, दार केवढं सोडू?"

मी हात पसरून दाखवलं. "एका मानसापुरतं."

त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. मग मशीनकडे. मग थापी तशीच हातात धरून म्हणाला, "आवो, येवढ्याशा दारातनं ही मशीन पुन्हा कंदी भायेर निघायची न्हाई, आधीच सांगून ठेवतो!"

म्हटलं, "मग बघत काय बसलाय, दादा? हे माघारी यायच्या आत दोन थर तरी चढवा की!"