सुमनताई आणि रक्तगटाचा रकाना

सुमनताई एंटर दाबण्यापूर्वी पडद्यावर बोट ठेवून अख्खी ओळ मोठ्यानं वाचत. नाव, गाव, फोन, रक्तगट. समोरचा रक्तदाता ‘बरोबर’ म्हणाला की मगच बटण दाबत. एका नोंदीला एवढा वेळ लागलेला पाहून पहिल्या दिवशी मी हसलो होतो. त्या म्हणाल्या, “दादा, हे रक्त हाय, वांगी नायत. उलटंपालटं झालं तर परत पाटीत टाकता येत नाय.” ते माझं हसू आठवलं की आजही मान खाली जाते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. गंगापूर रोडवरच्या एका लहान रक्तपेढीसाठी मी डेटाबेस तयार केला होता आणि सुमनताई तिथे नोंदी ठेवत. मखमलाबादकडच्या मळेकऱ्यांच्या घरातल्या, चाळिशीच्या. सकाळी येताना शेवंती आणून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या. संगणकाला त्या घाबरत नव्हत्या, पण “जुन्या वह्या ऱ्हाऊ द्या,” असं डॉक्टरांना सांगत. “आता काय गरज?” असं मीच म्हणालो. वह्या रद्दीत गेल्या.

कुणाला काय करता येईल, हे मी ठरवून दिलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी नवीन नाव भरायचं, लॅबमधल्या माणसानं फक्त बघायचं. रक्तगट भरायचा आणि बदलायचा अधिकार एकट्या सुमनताईंना. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. मला त्याचा फार अभिमान होता.

एका दुपारी बाळंतपणाच्या पेशंटसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. यादीत बघून त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींना फोन केला. हातातली पूजा दुसऱ्यावर सोपवून ते धावत आले. तपासलं, तर ओ पॉझिटिव्ह! दोन तास वाया गेले. रक्त दुसरीकडून मिळालं, बाई वाचली. पण तिच्या भावानं येऊन केलेला आरडाओरडा सगळ्या रक्तपेढीनं ऐकला.

“मी पॉझिटिव्हच भरलं होतं,” सुमनताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला बोलावलं. “ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला रक्तगट बदलता येतो का?”

“नाही सर. शक्यच नाही.”

“एकदा तपासून बघा ना, दादा.”

“ताई, मी स्वतः केलंय ते.”

मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. पाच मिनिटं लागली असती.

सुमनताईंचं काम काढून घेतलं. रक्त देऊन पडलेल्यांना चहा-बिस्किटं द्यायला त्यांना बसवलं. तिथेही त्या प्रत्येकाला “चक्कर येती का? पडून ऱ्हा अजून,” असं बजावत. मी गेलो की मलाही चहा देत, माझ्याकडे न बघता. दिवाळीनंतर त्या यायच्या बंद झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका नव्या माणसाला अहवाल उघडता येईना म्हणून मला बोलावलं. कारण शोधताना मी काउंटरच्या पासवर्डनं आत शिरलो आणि सहज एका नोंदीतला रक्तगट बदलून पाहिला. बदलला. लॅबच्या पासवर्डनंही तेच. मग लक्षात आलं. प्रत्येक वापरकर्ता आपोआप एका सामाईक गटात जातो. मी एकेकाचे हक्क काढले होते, गटाचे मात्र पहिल्या दिवसापासून तसेच होते; आणि गटाला जे करता येतं, ते त्यातल्या प्रत्येकाला करता येतं. गुरुजींचा रक्तगट चुकून कुणाच्याही हातून बदलला गेला असेल.

मी पडद्यावर त्या गटाच्या नावापुढच्या, हक्क देणाऱ्या खुणा काढून टाकल्या.

“काय झालं होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“किरकोळ होतं सर. झालं.”

पाच-सहा वर्षांनी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फुलबाजारात झेंडूच्या ढिगामागे सुमनताई दिसल्या. त्यांनीच हाक मारली. मला राहवलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांचा हात तागडीवर थांबला.

“म्हंजी माझ्या हातून नव्हतं झालं?”

“नाही, ताई.”

“मला वाटायचं, झालंच असंल. त्या बाईला काय झालं असतं तर, म्हणून लय दिवस जेवण जात नव्हतं.” मग म्हणाल्या, “हे डॉक्टरांना सांगितलं का?”

“नाही.”

“ते हायेत का तिथं अजून?”

“आहेत.”

“मग तिथं जाऊन सांगा ना. मला सांगून काय व्हतंय?”

दसरा झाला की जातो, असं मी म्हणालो. पुढची तीन वर्षं डॉक्टर त्याच खुर्चीत बसत होते आणि देखभालीसाठी मी दर महिन्याला त्यांच्यासमोर जात होतो. मी सांगितलं नाही.