पाणसळ लावून बांधलेली शाळा

मिस्त्री हयातभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी बाकं करत आले. आसपासच्या बहुतेक शाळांत त्यांच्याच हातची बाकं होती, आणि त्यातलं एखादं डुगडुगतं असं कानावर आलं की त्यांना घास गोड लागत नसे. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. पण एकदा डोक्यात काही शिरलं की बायकोचं सोडाच, ब्रह्मदेवाचंही ऐकणार नाही.

त्यांना एकच मुलगी. खरं नाव चांगलं होतं, पण तोंडाला उसंत नसल्यामुळे घरात तिला सगळे टिटवी म्हणत. ही टिटवी तिसरीत गेली आणि रोज शाळेच्या फाटकाशी ओकू लागली. वर्गात पाऊल ठेवलं की तोंडाला कुलूप. कुणी मारलं नव्हतं, कुणी रागावलंही नव्हतं. एवढी मुलं, तो गलका, ती घंटा, हे सगळं तिला सोसतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस घरीच शिकू दे. शिक्षण कार्यालयानं वर्षभराची मुभा दिली, पण अट घातली. वर्ष सरताना तपासणीच्या बाई घरी येणार, घर बघणार, मुलीशी बोलणार. त्यांचं समाधान झालं तर ठीक, नाहीतर पोरगी पुन्हा त्याच शाळेत.

"शाळा तिला सोसत नाही ना? मग आपण घरीच शाळा करू," मिस्त्री म्हणाले. बोलताना त्यांना यात काही खटकलं नाही. खटकलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्यांनी कंबर कसली. पुढच्या खोलीतली खाट आत गेली, शिवणाचं मशीन आत गेलं, खिडकीतल्या बरण्या आत गेल्या. भिंतीवर हिरवा फळा आला. उतरत्या फळीचं बाक आलं, दप्तराला खुंटी आली, चपलांना खण आला, आणि वेळ पाळली पाहिजे म्हणून दारावर घंटाही आली. एकूण एक गोष्ट पाणसळ लावून, तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्यावर आणून बसवलेली. खोलीत राहिलं नाही ते फक्त घर.

मग मोर्चा परसाकडे वळला. तिथं पत्र्याखाली मिस्त्रींचं कामाचं टेबल होतं आणि टेबलाखाली रंध्यातून निघालेल्या कुरळ्या सालींचा हा एवढा ढीग. टिटवी रांगायला लागल्यापासून त्या ढिगात बसायची. लाकडाच्या तुकड्यांना नावं द्यायची, त्यांची लग्नं लावायची, मोडक्या टेपनं त्यांची उंची मोजायची आणि सामानाबरोबर आलेले जुने पेपर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. वर मिस्त्री रंधा मारत असायचे, खाली हिची टकळी. त्या आवाजाची त्यांना इतकी सवय झाली होती की तो त्यांना ऐकूच येत नसे.

"अहो, तेवढं टेबलाखालचं राहू द्या. ती बसते तिथं," बायको म्हणाली.

"बसायला बाक केलंय की," मिस्त्री म्हणाले.

टेबल गेलं ओळखीच्या एका सुताराच्या कारखान्यात, ढीग गेला शेजारणीच्या कोंबड्यांखाली. परसात फरशी बसली, फरशीवर रंगाचे चौकोन आले, त्यात आकडे आले. झाकणाची वाळूपेटी झाली, कुंड्यांना नावाच्या पट्ट्या लागल्या. येणारा-जाणारा तोंडात बोट घालायचा. पोरगी मात्र चौकोनात उभी राहायची आणि पुढं काय करायचं ते कुणी सांगेल म्हणून वाट बघायची.

बायको शिवणाच्या कारखान्यात सकाळपाळीला जायची, तेव्हा शिकवायचं मिस्त्रींनीच. हातात खडू आला की या गरीब माणसाचा आवाजच बदलायचा, कुठल्या तरी जुन्या मास्तरचा व्हायचा. टिटवी सुरुवातीला उत्तरं द्यायची. मग मान हलवायला लागली. मग तेही थांबलं. एके दिवशी आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत येताना ती उंबऱ्यावरच ओकली.

मिस्त्रींनी धावत जाऊन तिचं तोंड पुसलं. आणि त्यांनी काय करावं? बाकाची उंची तपासली. पाठीचा उतार बदलला, पाय तासले, कडा पुन्हा काचपेपरनं घासल्या. पोर गप्प राहिली की ते बाक उलटं करून बसायचे. त्यांच्या हिशेबी दोष असला तर लाकडातच असणार. जन्मभर त्यांनी दुसरा दोष दुरुस्तच केला नव्हता.

ठरल्याप्रमाणे तपासणीच्या बाई आल्या. भल्या बाई होत्या. बाकावरून हात फिरवत म्हणाल्या, "अशी शाळा मी शाळेतसुद्धा पाहिली नाही हो." मिस्त्रींची छाती फुगली. मग बाई टिटवीशेजारी बसल्या. नाव विचारलं. चित्र दाखवलं, यात काय काय दिसतं ते विचारलं. एक गोष्ट अर्धी सांगून पुढची तू सांग म्हणाल्या. टिटवी फळ्याकडे बघत राहिली आणि शेवटी बाकावरच ओकली. तिच्या आईनं फडकं आणलं.

बाहेर आल्यावर बाई हलकेच म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. पण मूल शिकतंय असं मला लिहिता येणार नाही."

त्या गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "ती बोलायची ते टेबलाखाली. तुमच्या तोंडासमोर नाही, तुमच्या पायाशी बोलायची ती."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी टेबल परत आणलं. त्याखाली काहीच नव्हतं, म्हणून एक चांगली सागवानी फळी घेतली आणि रंधा मारत सुटले. काही करायचं नव्हतं, फक्त साली पाडायच्या होत्या. फळी वाया गेली, ढीग झाला. "ये गं, बस," त्यांनी हाक मारली. टिटवी आली आणि ढिगाच्या काठाशी हात मागं बांधून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "जा."

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तेच तिला शाळेत घेऊन गेले. खिशात फडकं होतं, पण फाटक आलं तरी टिटवी ओकली नाही. मिस्त्रींना वेडी आशा वाटली. खाली बसून त्यांनी विचारलं, "आता बरं वाटतं का गं इथं?"

कित्येक महिन्यांनी ती त्यांच्याशी आपणहून बोलली.

"इथली शाळा सुटते, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली.

मिस्त्री तडक घरी आले. घंटा काढली, फळा काढला. बाक मात्र निघेना. इतक्या पक्क्या सांध्यांचं काम, ते हातोड्यालाही दाद देईना. शेवटी करवतीनं कापलं. खाट बाहेर आणली, बरण्या खिडकीत लावल्या, मशीन जागेवर ठेवलं. बायको पाळीवरून आली, तिनं केर काढला. खोली पुन्हा होती तशी झाली. भिंतीवर खिळ्यांची भोकं तेवढी राहिली.

शाळा सुटली. टिटवी आली. तिनं चपला काढून कडेला सरळ रेषेत ठेवल्या. खाटेवर आई बसली होती, बाबा बसले होते, दार सताड उघडं होतं. ती उंबऱ्याबाहेर थांबली आणि हात मागं बांधून म्हणाली, "आत येऊ का?"