नळाला बांधलेली तार

आमच्या गोरेगावहून हिंगोलीची जीप निघायची, तेव्हा अजून दोन माणसं मिळतात का म्हणून ड्रायव्हर अर्धा तास नुसता हॉर्न वाजवत बसायचा. मी औरंगाबादला नोकरीसाठी निघालो त्या दिवशी वडील तेवढ्या वेळात एकच बोलले. "घरातलं काही बिघडलं तर मिस्त्री बोलवायचा न्हाई. आपलं आपुन खोलायचं, आपुनच बसवायचं. बराबर?" नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडं रेडिओ, पंखा, शेगडीची कॉइल, सगळं वडिलांच्याच हातून उघडलं जायचं आणि दोन स्क्रू कमी घेऊन पुन्हा चालूही व्हायचं. मी हसून मान डोलावली आणि जीपच्या मागच्या फळीवर जाऊन बसलो.

गावात लाईट होती, पण परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, कधी असायची, कधी नसायची. वडिलांनी त्यावर तोड काढली होती. अंगणात लोखंडी गज पुरून बल्बची दुसरी तार त्याला गुंडाळली होती. करंट तिथून मातीत उतरायचा. बल्ब मिणमिणायला लागला की आई गजाच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतायची, की लगेच लख्ख उजेड. तुम्ही जे गावातच राहिलात, तुमच्याही दारात असा गज होता, खोटं बोलू नका. आपल्यापैकी कोणालाच त्याची भीती वाटली नाही.

औरंगाबादला माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या, वर पत्रा. पुढं लग्न होऊन सुनीता आली, मग मुलगी झाली. खाली एक काकू एकट्याच राहायच्या. सुनीताची आई लांब सेनगावला, म्हणून पोरीला अंघोळ रोज काकूच घालायच्या. पाटावर बसून पाय लांब करायच्या आणि तिला पायांवर घेऊन तेल चोळत गप्पा मारायच्या.

उन्हाळ्यात एका रविवारी सकाळीच कूलर बंद पडला. पोरीचं अंग घामोळ्यांनी आधीच लालबुंद झालेलं. काकू तिला खाली अंघोळीला घेऊन गेल्या तेवढ्यात मी मोटार खोलली, पंप खोलला, दोन्ही ठणठणीत. शेवटी बोर्ड तपासला, तर न्यूट्रल गायब. मला चक्क हायसं वाटलं. हे तर आमच्या घरचंच दुखणं! इथं गज कुठून आणणार? पण भिंतीलगत नळाचा लोखंडी पाईप खालून वर आला होता. तोही जमिनीतूनच येत असणार. मी तार सोलली आणि पाईपला गुंडाळली. कूलर कुरकुरत का होईना, फिरायला लागला. कूलरचा शोध मीच लावल्यासारखं मी सुनीताकडं पाहिलं. तो पाईप जमिनीत जेमतेम टेकलेला होता, करंट मातीत पुरता उतरतच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

तेवढ्यात खालून काकूंची किंकाळी आली.

सुनीता माझ्या आधी जिना उतरली. मी न्हाणीच्या दारात पोचलो तेव्हा काकू उजवा हात छातीशी धरून भिंतीला टेकल्या होत्या आणि पोरगी त्यांच्या पायांवरून घसरून ओल्या फरशीवर रडत होती. नळ तिच्यापासून वीतभर लांब. "नळानं मारलं," काकू कशाबशा म्हणाल्या. "कुणी हात लावू नका!" असं ओरडून मी वर धावलो. चौदा पायऱ्या होत्या. मी निम्म्या चढलो असेन, तोच खालचं रडणं एकदम थांबलं.

त्या थांबण्याबद्दल मला आजही धड लिहिता येत नाही. प्लग कसा उपटला, आठवत नाही. खाली आलो तर सुनीतानं पोरीला छातीशी आवळून धरलं होतं आणि पोरगी टकामका बघत होती.

"हात लावू नको म्हणलो होतो ना?" मी ओरडलो.

"मंग काय पाहत बसू काय?" ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

काकूंना वाटलं, घरमालकाच्या वायरिंगचा दोष. मी तेच खरं असल्यासारखी मान डोलावली. संध्याकाळी एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन लावला आणि वडिलांना फोनवर बोलावून घेतलं.

"आपल्या इथं करंट मातीत जातो, लेका," सगळं ऐकून ते म्हणाले. "तिथं माती कुठंय? नुस्ती माणसंच हायत."

मी विचारलं, आई अजून गजाला पाणी घालते का?

"घालते की." वडिलांचा घाबरलेला आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "आत्ताच उपटून टाकतो."

दोन दिवस मी नळाला शिवलो नाही. पोरगी झोपली की श्वास चालू आहे ना, म्हणून तिच्या नाकाशी बोट धरायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीला घेऊन खाली गेलो आणि काकूंना सांगितलं, तार मी बांधली होती. काकू घरमालकाला सांगणार आणि आता खोली सोडावी लागणार, हे मी धरूनच चाललो होतो. काकूंनी उलटा हात नळाला हळूच लावून पाहिला, पाट मांडला आणि पाय लांब केले.

"आण तिला. पाणी निवून राहिलंय."

मी पोरीला त्यांच्या पायांवर ठेवलं. गावाकडं गेलो की तुम्ही विचारता, तिकडं आपलं असं कोण आहे? मला काकूंनी पाट मांडला ती सकाळ आठवते. त्या सकाळनंतरच, गोरेगावहून औरंगाबादला परत निघताना, मी 'घरी चाललो' असं म्हणायला लागलो.