उपकारस्तुतीची बोंडं

आमच्या मारेगावच्या चर्चमधली ती आजी गेली, तेव्हापासून रविवारची प्रार्थना लवकर संपते. प्रार्थना करायची तिची पाळी आली की सुना, नातवंडं, गोठ्यातली गाय, सगळ्यांची नावं ती देवाच्या कानावर घालायची. घरी चहासमोरही तेच. नवरा बिचारा एक डोळा उघडून कपाकडे बघत राहायचा. "झालं का वं?" त्यानं विचारलं, तर ती डोळे मिटूनच सांगायची, "थांबा, लहान्या पोराचं राह्यलं."

बोंडअळीनं तालुक्यातला कापूस खाल्ला, त्या वर्षीही चर्चमध्ये पिकाची उपकारस्तुती झाली. त्या रविवारी आपल्या शेतातलं पहिलं पीक देवापुढं ठेवायचं असतं. वेदीसमोरचं टेबल केळी, पपया, भोपळ्यांनी भरलं होतं. आजी नातीचा हात धरून पुढं आली आणि धुतलेल्या उशीच्या अभ्र्यातून तिनं काळी पडलेली, किडकी बोंडं टेबलावर ओतली. एकातून गुलाबी अळी बाहेर आली.

उपासना चालवणारे पाळक गडबडले. "आजी, हे काहून आणलं?"

"वावरात हेच पिकलं जी. त्याले दुसरं कायले दाखवू?"

मग तिनं डोळे मिटले. "देवा, तुये उपकार आहेत. पन पुढच्या साली जरा पाहून दे."

कोणी हसलं नाही. टेबलावरचं बाकी सगळं आम्ही आदल्या दिवशी बाजारातून विकत आणलं होतं. माझ्या भोपळ्यावर तर भाजीवाल्यानं खडूनं लिहिलेला आकडा अजून तसाच होता.