सांडणारा जग

दुसऱ्याच्या भांड्यातून पिताना तुम्ही तोंड लावता, की वरून ओतता? खरं सांगा. माझं पितळ तर एका चिनीमातीच्या जगाने उघडं पाडलंय.

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा लिहायचे, मी घड्या घालून चौकात वाटायचे: ‘उष्ट्या-सोवळ्याचं थोतांड गाडा!’ तोच ताठा घेऊन मी अमेरिकेत रेडमंडला नोकरीला आले.

आमच्या अमेरिकन घरमालकीणबाई, मी आणि माझी रूममेट त्यांना काकूच म्हणतो, घर आवरून दुसऱ्या राज्यात, चँडलरला मुलीकडे निघाल्या होत्या. राहिला होता एक जग, इंग्लंडातल्या कुठल्याशा जुन्या गुत्त्यातला. त्याच्या मानेला नक्षीची भोकं. वाकवला की सगळं अंगावर! न सांडता पिऊन दाखवायची पैज. काकू आणि त्यांचे यजमान येईल त्या पाहुण्याला त्यात गाठायचे. यजमान गेले, आणि आता मुलीने तो जग एका दुकानदाराला कबूल केला होता.

“काचेच्या कपाटात गुदमरेल तो,” काकू म्हणाल्या. “आज तुमच्यापैकी जी न सांडता पिईल, तिने न्यावा.”

मी दारू पीत नाही, म्हणून कोकम सरबत ओतलं. माझ्या नागपूरच्या रूममेटने काठावरची एक तोटी तोंडात धरली, जग वाकवला आणि भोकांतून सांडलेल्या सरबताने अंग भिजवून घेतलं. मग मी. जग उंच धरला, मान मागे टाकली, आ वासला.

पांढरा टी-शर्ट लालेलाल.

“हा प्रकार मी पहिल्यांदाच बघतेय!” काकू टाळ्या पिटत म्हणाल्या.

“अगं, तोंड लाव ना!” रूममेट खिदळली. “माझं उष्टं चालत नाही वाटतं, क्रांतिकारी मॅडम?”

“सवय आहे यार!”

“हो का? सगळे हेच म्हणतात.”

झोंबलं. पत्रकांत आम्ही याच सवयीला तर झोडपायचो.

जग पुन्हा भरला. काठाला तीन तोट्या होत्या. दोन बुजवल्या, तिसरी, तिच्याच तोंडची, ओठांत धरून ओढली. नुसती हवा. पण दांड्याखाली बोटाला वारा लागला. चोरभोक! ते दाबलं, आणि सरबत पोकळ दांड्यातून चढून थेट घशात.

काकूंनी जग हातात घेतला आणि तोटी न पुसताच उरलेलं संपवलं. मग मुलीला फोन लावला. “दुकानदाराला नाही म्हण. आपल्या जगाला घर मिळालं.”

आता तुम्ही एक करा. येत्या रविवारी शोकेसमधलं एखादं भांडं काढा, भरा, घरकामाच्या मावशींना शेजारी बसवा. पहिला घोट त्यांना द्या आणि मग त्याच काठाला तोंड लावा.