शुक्रवारची फोडाफोड

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. बरोबरच म्हणतात. पंधराव्या वर्षी मी बाबांचा कॉम्प्युटरचा मॉनिटर कोथरूडच्या आमच्या गॅलरीतून खाली टाकला होता. खाली कोणी उभं नव्हतं, हे शेजाऱ्यांचं नशीब. बाबा सॉफ्टवेअरमध्ये. तेव्हा त्यांच्या कंपनीत जो तो अमेरिकेला निघालेला, आणि बाबा घरी असले तरी त्या मॉनिटरसमोरच असायचे. मॉनिटर गेला आणि पाठोपाठ मीही गेले. पुण्याबाहेर, मांजरी गावाच्या पलीकडे, उसाच्या मळ्यांत मुलींचं एक निवासी केंद्र होतं. घरी, शाळेत ज्यांचं कोणाशीच पटत नाही अशांना तिथे ठेवायचे.

केंद्र वाईट नव्हतं, हे आधीच सांगते, नाहीतर लोक भलतंच समजतात. जेवण चांगलं होतं, अंगण मोठं होतं, कोणी हात उगारत नव्हतं. मोठ्या मॅडम परदेशात शिकून आलेल्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. आमच्यावर लक्ष ठेवायला एक ताई होत्या, त्या मात्र अस्सल पुणेरी. रडणाऱ्या मुलीला म्हणायच्या, "आपलं झालं की सांगा, मला फरशी पुसायची आहे."

तिथला एक नियम होता. दोघींना मिळून एक खोली. जेवणघराच्या भिंतीवर तक्ता लावलेला. दिवसभर नीट वागलं की खोलीच्या नावापुढे चांदणी चिकटवायची. शुक्रवारपर्यंत सगळ्या चांदण्या मिळाल्या की शनिवारी दोघी आपापल्या घरी, रविवारी संध्याकाळी परत. एकीने काही उद्योग केला की दोघींची सुट्टी बुडाली. आम्ही एकमेकींना सांभाळायला शिकावं, ही त्यामागची कल्पना. घर हे बक्षीस होतं. त्यात काही चुकतंय असं कोणालाच वाटलं नाही.

माझी रूममेट लोणी काळभोरकडची. माझ्याच वयाची, किडकिडीत, तोंडात तीळ न भिजणाऱ्यांतली नव्हे, उलट तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहीर खणण्यासारखं. सोमवार ते गुरुवार इतकी गुणी की ताई तिचा दाखला द्यायच्या. आणि शुक्रवार आला की हिच्या अंगात यायचं. एकदा आरसा फोडला. एकदा कुंड्या. एकदा जेवणाच्या पंगतीत आमटीचं पातेलं उलटं केलं. फोडून झालं की शांतपणे झाडू घेऊन यायची आणि स्वतःच सगळं गोळा करायची.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. शनिवारी बाकीच्या मुली नटूनथटून फाटकाशी उभ्या, आणि मी हिच्यामुळे खिडकीत. मी तिला नाही नाही ते बोलले. ती ऐकून घ्यायची आणि खालमानेने बसायची. मॅडमनी तिच्यासाठी एक वेगळं समुपदेशन सुरू केलं. विषय: रागावर ताबा.

मग एका आठवड्यात तिला ताप आला. शुक्रवारभर ती फणफणून पडली होती, फोडायला हातात जीव नव्हता. शेवटची चांदणी चिकटली. शनिवारी ताप उतरला, तशी ताई म्हणाल्या, "घरची हवा लागली की बरी होईल हो." तिचा काका मोटरसायकलवर न्यायला आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, मॅडमना वाकून नमस्कार. ती मागे बसली. मी आनंदाने बाबांच्या गाडीत बसले आणि मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

सोमवारी सकाळी अंगणात अनवाणी कवायत असायची. ती काही येईना. मला वाटलं, झाली हिची नाटकं सुरू, आठवड्याची पहिलीच चांदणी घालवणार. मी तणतणत खोलीत गेले. "पायाला मेंदी लावून आलीस का गं घरून?"

ती कॉटवर बसली होती. तिने पाय वर घेतले आणि तळवे माझ्याकडे केले. काळेनिळे वळ. एकावर एक, टाचेपासून बोटांपर्यंत.

"आय कंपनीत रातपाळीला जाती," ती म्हणाली. "मंग काका दार लावतो. पाइप हाय त्याच्याकडं. तळव्यावर मारलं की कुणाला दिसत न्हाय."

"मॅडमना सांग."

"मी खोटारडी हाय. समद्यांना म्हाइतीय."

मी घाबरले. मॉनिटर टाकतानासुद्धा घाबरले नव्हते इतकी घाबरले. आणि तशीच मॅडमकडे गेले, सगळं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकलं, तिचे पाय पाहिले, काकाला बोलावून घेतलं. तो पेढे घेऊन आला. वरून कीर्तन, आतून तमाशा. म्हणाला, "पोर वढ्याच्या दगडातनं अनवानी पळाली, मॅडम. आमी धरायला गेलो तर आमालाच चावली. बाप न्हाय तिला. माया आमी करायची आनि बोल बी आमीच खायाचा." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमच्याही. तिला समोर बसवून विचारलं, तेव्हा काका शेजारीच बसला होता. ती म्हणाली, "दगडं लागली."

पेढे आम्हा सगळ्यांना वाटले गेले. मी माझा खिडकीतून उसात भिरकावला.

त्यानंतर शुक्रवारी ती फोडायला लागली की मी गप्प बसायचे. एकदा तर फेकायला बादली मीच हातात दिली. पण मग बाबांचं नक्की झालं. रविवारी रात्रीचं विमान, दोन वर्षांसाठी अमेरिका. त्या शनिवारी घरी गेले तर भेट, नाहीतर नाही. मी तिला काहीही म्हणाले नव्हते, देवाशप्पथ. आईचा फोन आला तेव्हा ती शेजारी उभी होती, तिने ऐकलं.

तो शुक्रवार उजाडला, मावळला, काही फुटलं नाही. शेतात उसाचं पाचट जाळत होते, खोलीत धूर भरला होता. ती कॉटवर बसून माझे कपडे पिशवीत भरत होती.

"तू आज..." मी म्हटलं.

"जा तू. बाबांना भेटून ये," ती म्हणाली. "मला सवय हाय."

शनिवारी फाटकाशी बाबांची मारुती उभी होती आणि शेजारी ती मोटरसायकल. काका ऑफिसात मॅडमशी बोलत होता. ती पायऱ्यांवर चपला घालत होती, आणि प्रत्येक चपलेचा पट्टा इतका सावकाश लावत होती की मला बघवेना. बाबांनी हॉर्न दिला. ऑफिसच्या बाहेर पाण्याचा माठ होता, त्यावर पितळी तांब्या. मी तो उचलला आणि ऑफिसच्या काचेवर हाणला.

काच खळकन खाली आली. काका उडालाच. मॅडम बाहेर आल्या, काचांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा तो हळू आवाज कापरा झाला. "नियम म्हणजे नियम. दोघीही आत जा."

बाबा गाडीतून उतरले. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते दमलेले दिसत होते. "आजच्या दिवशी तरी," एवढंच म्हणाले. मला त्यांच्या गळ्यात पडायचं होतं. नाही पडले. पडले असते तर रडले असते आणि सगळं बोलले असते, आणि ऐकायला काका तिथेच उभा होता. गाडी उसाच्या वळणावर दिसेनाशी झाली. "फुडच्या शनिवारी येतो, मॅडम," काका हात जोडून म्हणाला.

त्याच संध्याकाळी मॅडमनी निर्णय घेतला. आम्ही एकमेकींना बिघडवतोय. सोमवारपासून तिला वरच्या मजल्यावर दुसऱ्या एका मुलीबरोबर ठेवलं. ती मुलगी दांडगी होती, तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बजावलं, "माझी सुट्टी घालवलीस तर बघ." वरच्या खोलीतलं फुटण्यासारखं सगळं ताईंनी आधीच काढून घेतलं. आम्हाला एकमेकींशी बोलायची बंदी. तक्त्यावर वरच्या खोलीच्या चांदण्या रोज वाढत होत्या. गुरुवारी मी त्यांच्याकडे बघणं सोडून दिलं.

शुक्रवारी दुपारभर मी जिन्याखाली बसून होते. वर काही वाजत नव्हतं. संध्याकाळी दिवे लागले, पानं वाढली, ती अजून खाली आली नव्हती, ताई चांदण्यांचं पाकीट घेऊन तक्त्यापाशी गेल्या. मी ताटातला भात नुसता चिवडत होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर खिडकीची काच फुटली. पाठोपाठ दुसरी.

"झालं हिचं सुरू," ताई म्हणाल्या आणि पाकीट मिटलं.

मी वरणभात पुन्हा वाढून घेतला आणि पोटभर जेवले.