उजव्या दंडावरची लस

शरण न जाणारी माणसं जगात फार थोडी उरली आहेत. त्यांतले एक इथे ओमानमध्ये, अझैबात, आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. आम्ही त्यांना वरचे काका म्हणतो. काका कोणाचंच ऐकत नाहीत; माणसांचं नाहीच, पण यंत्रांचंही नाही. आमच्या लिफ्टमधली अदृश्य बाई "दरवाजा बंद होत आहे" असं हुकमी आवाजात इंग्रजीत सांगते, म्हणून काका कित्येक वर्षं जिन्याने चढतात. वेग वाढल्यावर गाडी टिंगटिंग करू लागली, की "तुला चालवायचीय का?" असं तिलाच विचारतात. फोनमधला नकाशा डावीकडे वळा म्हणाला, की तत्त्व म्हणून उजवीकडे वळतात. एकदा आम्ही एका बारशाला निघालो आणि सीबच्या मासळीबाजारात पोहोचलो. काका शांतपणे उतरले, सुरमई घेतली आणि म्हणाले, "बारशात ही मिळाली असती का?"

खेळातही तोच बाणा. मंडळाच्या दिवाळीत त्यांनी एका सहा वर्षांच्या मुलीला कॅरममध्ये सडकून हरवलं. ती "अंकल, नॉट फेअर!" म्हणून रडू लागली, तर म्हणाले, "जिंकायचंय? मग मोठी हो." तिची आई अजून काकांशी बोलत नाही. मुद्दाम हरणं हा काकांच्या लेखी समोरच्याचा अपमान आहे.

तेव्हा यंदा फ्लूची साथ आली आणि अर्धी इमारत खोकू लागली, तरी काका बधले नाहीत. "हा आजार नव्हे, ऑफिस बुडवायचं निमित्त आहे," त्यांनी जिन्यातच जाहीर केलं. कोपऱ्यावरच्या फार्मसीने लस मिळेल असा कागद दारावर लावला, त्या दिवसापासून काका रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालू लागले.

अडचण आली ती गाडीने दोन तासांवरच्या खाबुऱ्यातून. तिथे काकांचे एक जुने दोस्त आहेत, मूळचे रत्नागिरीकडचे. बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. काका त्यांना शेठ म्हणतात, ते काकांना इंजिनेर. दर शुक्रवारी दोघं शेठच्या अंगणात कॅरम खेळतात आणि एकमेकांचा यथेच्छ उद्धार करतात. गेल्या वर्षी शेठना छातीचं मोठं दुखणं झालं. त्यातून उठले, पण बोटं थरथरू लागली, आणि तेव्हापासून ते एकही डाव जिंकलेले नाहीत. मागच्या खेपेला म्हणाले, "पुढच्या जुम्याला हरलो, तर बोर्ड भिंतीला टेकवून ठेवतो, इंजिनेर. उगाच तुझं पेट्रोल कशाला जाळायचं?" काका त्यावर काही बोलले नाहीत. काका काही बोलले नाहीत ही आमच्या इमारतीत बातमी असते.

तेवढ्यात शेठच्या मुलीचा फोन आला. ती नर्स आहे. "काका, सुई घेतल्याशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाय. आणि घेतली तरी मास्क लावून बसायचं."

"मी कोणाच्या बापाला..." असं काका सुरू झाले, आणि बाप कोण ते आठवून थांबले.

गुरुवारी संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. "चल. साक्षीदार पाहिजे."

फार्मसीतल्या केरळी तरुणाने त्यांना बसायला सांगितलं. काका उभे राहिले.

"अंकल, काम कौन से हाथ से करते हो?"

"राइट."

"फिर लेफ्ट में देता हूँ. एक-दो दिन थोडा दर्द रहेगा."

"कितना दर्द?" काकांनी इतक्या बारकाईने विचारलं, की मला हसू आवरेना. "कॅरम खेल सकता है?"

"खेल सकते हो. हाथ थोडा भारी लगेगा."

"राइट में दो."

"लेकिन अंकल..."

"हात किसका है? राइट में दो!"

मागे उभ्या असलेल्या ओमानी आजोबांनी "माशाल्ला" म्हटलं. सुई टोचताना काकांनी डोळे घट्ट मिटले होते, पण मान ताठ होती. मी मनात म्हटलं, नकाशाने डावीकडे सांगितलं, काका उजवीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवली, कारण काकांचा दंड म्हणे उचलत नव्हता. शेठ अंगणात मास्क लावून वाट बघत होते.

"घेतलीस काय सुई? रडलास काय?"

"तुझ्या मुलीच्या शब्दासाठी घेतली. तुझ्यासाठी कोण घेतो!"

बोर्डावर पावडर पडली. काकांचा नेम पहिल्या फटक्यापासूनच भरकटला; सोंगटी जागच्या जागी राही आणि स्ट्रायकरच भोकात जाई. दर वेळी काका दंड चोळत कण्हत. शेठनी थरथरत्या बोटांनी राणी घेतली, दोनदा नेम धरून कव्हरही केली, आणि मास्कच्या आतून असे ओरडले की मुलगी धावत बाहेर आली.

"खलास, इंजिनेर!"

"हात ठणकतोय म्हणून. नाहीतर तुझी काय टाप?"

"मग पुढच्या जुम्याला ये. तेव्हा काय ठणकतं तेपण बघतो." शेठनी सोंगट्या डबीत भरल्या. बोर्ड होता तिथेच राहिला.

आम्ही परत निघालो. मी म्हटलं, "काका, डाव्या हाताला घेतली असती तर जिंकला असतात."

"समोर बघून चालव," काका म्हणाले. गाडीने टिंगटिंग केली. तिला ते काहीच बोलले नाहीत.

अझैबात पोहोचलो तेव्हा इमारतीच्या दाराशी पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या बाटल्या येऊन पडल्या होत्या. काकांनी आपली बाटली उजव्या हाताने उचलली आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर नेली.